बुधवारचं घर

सुकट आम्ही दोघांनी मिळून निवडली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तेव्हा शेवटचं वाटलं नाही, रोजच्यासारखंच होतं. जमिनीवर पेपर, पेपरवर सुकट, एका अंगाला माझी बायको शेवंता, एका अंगाला मी. तिनं डोकी खुडायची, मी काड्या-कचरा काढायचा. माझी नजर कमी झालीय, म्हणून ती माझ्या बाजूचं परत बघायची.

"निवडताय का नुसतं चिवडताय?"

मी म्हटलं, खाणाऱ्याला विचार. ती म्हणाली, खाणारा कधी काही बोललाय का, त्याला दगड वाढले तरी खाईल. मग तिनं तव्यावर सुकट भाजली, धुतली, कांद्यात परतली, दोन आमसुलं टाकली. तीन भाकऱ्या केल्या. घडीची साडी काढून नेसली. आणि आम्ही डोंगर उतरून मुलुंडला निघालो, निल्याचा वार उजवायला.

वार काय ते सांगतो. आमची वस्ती घाटकोपरच्या डोंगरावर. खाली मैदान आहे, वर आम्ही. पोरगा फुटबॉल चांगला खेळतो, पण घरी चूल धड पेटत नाही, असं दिसलं की आमच्यातल्या बायका वार वाटून घेतात. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरं. ज्या दिवशी ज्या घरी वार, त्या दिवशी पोरगा त्या घरचा. शिजलं असेल ते खायचं, ताट आपलं आपण धुवायचं, आणि त्या घरच्या बाईनं शिवी दिली तर मुकाट ऐकायची. पूर्वी म्हणे बामणांची गरीब पोरं अशीच वारानं जेवून शिकली, मोठी झाली. आमची पोरं वारानं जेवली आणि पळाली.

असं करून डोंगरानं शहराच्या क्लबला खेळाडू दिले. एक गोलकीपर दिला, दोन बॅक दिले, विंगवरचे दिले. टीव्हीवर बोलणारे आम्हाला फुटबॉलचा डोंगर म्हणतात. डोंगरात काय आहे? पाण्याची बोंब आणि पायऱ्या. पायऱ्यांनी पाय होतात आणि सात घरच्या भाकरीनं अंग धरतं. दुसरी काही जादू नाही.

पोरगा क्लबात लागला की सातही घरं एकेकदा त्याच्या नव्या जागी डबा घेऊन जातात. ज्याचा त्याचा वार. पोरानं तो डबा बसून खायचा. खाल्ला की वार उजवला, घर मोकळं झालं. ही आमची रीत. कोणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडतही नाही कोणी.

निल्याचा बुधवार आमच्याकडे होता. आई लहानपणी गेली, बाप बाटलीत गेला. दहा वर्षांचा असल्यापासून तो दर बुधवारी आमच्या उंबऱ्यावर येऊन ओरडायचा, "मावशे, वाढ." आम्हाला पोटचं पोर नाही. शेवंताला वस्तीत बुधवारची आई म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे, ती खूश व्हायची. आठवड्यातला एक दिवस का होईना, आई तर आहे, म्हणायची.

क्लबनं खेळाडूंसाठी मुलुंडच्या एका टॉवरात फ्लॅट घेतले होते. खाली काचेचं दार, आत गारवा, सोफे. वॉचमन विक्रोळीचा निघाला, आपलाच. बसा म्हणाला, फोन करतो. शेवंता सोफ्याच्या कडेला बसली, जेमतेम टेकून. डबा समोरच्या काचेच्या टेबलावर ठेवला. मी उभाच होतो.

तेवढ्यात सोसायटीच्या कमिटीतले एक साहेब फिरून आले. पांढरे बूट, गळ्यात टॉवेल. दारातच थबकले. नाक वर केलं. म्हणाले, डब्यात काय आहे? शेवंताला वाटलं, कौतुकानं विचारतायत. तिनं झाकण काढलं. म्हणाली, "सुकट आहे, साहेब. आमच्या निल्याला लई आवडती."

साहेब दोन पावलं मागे गेले. टॉवेल नाकाला लावला. बोलले ते अगदी शुद्ध मराठीत.

"हे इथे चालत नाही. ही शाकाहारी इमारत आहे. तुम्ही मागच्या बाजूने जा, कचऱ्याच्या खोलीपाशी थांबा. मुलगा खाली येईल."

शेवंतानं झाकण लावलं. तिला घाईत लागेना. मी लावून दिलं.

आम्ही दारापर्यंत पोचलो नव्हतो तोवर साहेबांनी झाडूवाल्या बाईला हाक मारली. फिनेल आणायला सांगितलं. टेबल पुसून घेतलं. मग सोफा पुसून घेतला.

मी आजही तिथंच अडकलोय. डबा टेबलावर होता. टेबल पुसलं ते समजलो. सोफा कशाला पुसला? सोफ्यावर शेवंता बसली होती.

मला हे नवं नाही. विक्रोळीच्या कारखान्यात मी माल चढवायचो. तिथं कपबशी वेगळी नव्हती. कायद्याची भीती होती. पण कँटीनमधे मी बसलो की त्या बाकावर दुसरं कोणी बसायचं नाही. उठूनही जायचे नाहीत. फक्त यायचे नाहीत. सगळी नोकरी मी रुंद बाकावर एकटा जेवलो. घरी कधी सांगितलं नाही. शेवंता माझ्यासारखी बाहेर निघाली नव्हती. तिचं जग म्हणजे डोंगर, नळ आणि बुधवार. ती तिथं सगळ्यांची मावशी होती. त्या दिवशी मुलुंडला ती नुसती घाण झाली.

वॉचमन आमच्या मागं आला. खालच्या आवाजात म्हणाला, "काका, माफ करा. माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, तुझं काही नाही रे.

कचऱ्याच्या खोलीपाशी निल्या आला. क्लबचा ट्रॅकसूट, क्लबचे बूट. चांगला दिसत होता. शेवंतानं डबा पुढं केला. म्हणाली, इथंच खा दोन घास, उभ्यानं खा, वार उजवल्यासारखं होईल.

निल्यानं वर कॅमेऱ्याकडं बघितलं. मग बुटांकडं बघितलं.

"मावशी, तुम्ही जा आता. मला बोलतील."

मावशे नाही, मावशी म्हणाला, तुम्ही म्हणाला. डबा घेतला नाही. आम्ही जसे आलो तसे निघालो.

परतीच्या बसमधे ती खिडकीशी बसली, डबा मांडीवर. घाटकोपर आलं. मग म्हणाली, "त्याचे पाय तेवढे चालतात त्यांना." एवढंच. घरी आल्यावर भाकऱ्या कुत्र्यांना घातल्या. सुकटही घातली. वस्तीतल्या बायकांनी विचारलं, उजवला का वार? ती म्हणाली, उजवला. आयुष्यात मी तिला खोटं बोलताना तेव्हाच ऐकलं.

शनिवारी सकाळी नळावर हंडा उचलताना ती बसली, ती उठली नाही. डोंगरावर गाडी येत नाही. पोरांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तिला उचललं आणि पायऱ्यांवरून पळत खाली नेलं. ज्या पायऱ्यांवर पळून ती पोरं खेळाडू होतात, त्याच पायऱ्या. काय पळाली. मी मागं पडलो. मी खाली पोचलो तेव्हा रिक्षातच तिचा जीव गेला होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय झालं होतं. मी असं म्हणत नाही की त्या साहेबानं तिला मारलं. मी एवढंच म्हणतो की बुधवार ते शनिवार ती जेवली नाही.

अंत्यविधीला निल्या आला. क्लबच्या गाडीतून आला, सोबत क्लबची एक मॅडम. निल्या ओक्साबोक्शी रडला. खोटं रडला नाही, ते मला कळतं. मॅडमनं त्याचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशीच्या मॅचला सगळ्या टीमनं दंडाला काळी पट्टी बांधली. वस्तीनं टीव्हीवर बघितलं. बायका म्हणाल्या, शेवंताचं नशीब. मी बाहेर जाऊन बसलो.

पुण्यानुमोदन झालं आणि पुढच्याच आठवड्यात मॅडम परत आली, मंडळाच्या पोरांना घेऊन. माझ्या घराची मागची भिंत मैदानावर आहे. मैदानात कुठंही उभं राहा, तीच भिंत दिसते. त्या भिंतीवर क्लब शेवंताचं चित्र काढणार होता. मोठं, भिंतभर. खाली क्लबचा बिल्ला आणि अक्षरं, फुटबॉलची आई. त्याच्याबरोबर मैदानाला लाइट लावून देणार होता, म्हणजे पोरांना अंधार पडल्यावरही खेळता येईल. मंडळाच्या अध्यक्षानं माझ्या वतीनं हो म्हणून टाकलं. मी नाही म्हटलं नाही. तेव्हा मला काही ऐकूच येत नव्हतं. माणसं तोंड हलवायची, मी मान हलवायचो.

रंगवणारे आले, बांबू बांधले. भिंतीला आधी पांढरा हात दिला. मग तिचा चेहरा काढायला लागले. मी दोन दिवस तिकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानात उतरलो आणि वर बघितलं.

बाई गोरी होती. दात सरळ, पांढरे, दिसतील असं हसत होती. शेवंता मिशेरी लावायची. तिचे दात काळे होते, पुढचा एक पडला होता, म्हणून हसताना पदर तोंडाला लावायची. तेही एक वेळ सोडलं असतं. चित्रं अशीच असतात. पण तिच्या हातात दुधाचा ग्लास होता. दुसऱ्या हातात केळी.

मॅडम खालीच होती, मोबाइलवर शूटिंग करत. मी विचारलं, हे दूध कुठून आलं? आमच्या घरात चहापुरतं दूध यायचं. ही पोरं सुकटीवर वाढली, बोंबलावर वाढली, वजडीवर वाढली.

ती समजुतीनं बोलली. वाईट नव्हती. "अंकल, ते दाखवता येणार नाही. सगळ्यांना आवडेल असं पाहिजे ना."

मी म्हटलं, बरं. दूध राहू दे. मग माझं एक काम करा. तुमच्या खेळाडूच्या घरची माणसं त्या बिल्डिंगमधे पुढच्या दारानं जातील, डबा घेऊन लिफ्टनं वर जातील, एवढं तुमच्या क्लबनं त्या सोसायटीला सांगावं. आज सांगा. मग काढा तुम्हाला काय काढायचं ते.

तिला मुलुंडचं ठाऊक होतं. तिच्या तोंडावरून कळलं. ती म्हणाली, तो सोसायटीचा आतला मामला आहे, क्लब त्यात पडू शकत नाही. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाली,

"आणि आता तर त्या नाहीतच ना, अंकल."

म्हणजे प्रश्न मिटला. डबा आणणारी बाई गेली, आता भिंतीवर चढवायला मोकळी. मेलेल्या बाईला वास येत नाही. तिला कुठंही बसवा, मागून फिनेल मारावं लागत नाही.

माझ्या कानातलं इतक्या दिवसांचं बुजलेपण तिथं गेलं. सगळं ऐकू यायला लागलं. पोरांची बोंबाबोंब, चेंडूचा आवाज, बांबूवरचा माणूस रेडिओ लावून बसलेला. मी वर आलो. शेजारच्या घरी छताच्या कामाचा चुना उरला होता, तो मागून घेतला. बादलीत भिजत घातला.

बादली उंबऱ्यावर बघून अध्यक्ष समजला. त्यानं निल्याला फोन लावला असणार, कारण अंधार पडायच्या आत निल्या हजर. उंबऱ्यावर उभा राहिला. आत ये म्हणावं लागलं.

"काका, असं करू नका. मला वर्षाच्याच करारावर घेतलंय. ठेवायचं का काढायचं ते आता बघतात. आणि माझं सोडा. मैदानात आणखी पोरं आहेत. तुम्ही क्लबला दुखवलं तर ते डोंगर सोडून दुसरीकडं बघतील. चेंबूरला बघतील. त्यांना पोरांची काय कमी आहे?"

खरं बोलत होता. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मी म्हटलं, निल्या, तू एक कर. उद्या तिथं क्लबात उभा राहा आणि सांग की मी या बाईच्या हातची सुकट खाऊन मोठा झालो, आणि तिला तुम्ही कचऱ्यापाशी उभी केली. एवढं बोल. मी चित्राला हात लावत नाही.

तो खाली बघत बसला. मग म्हणाला, "नाही जमणार, काका."

"का?"

"भीती वाटते."

मला त्याचा राग आला नाही. रुंद बाकावर मी तरी काय बोललो होतो? पण मला एक उमजलं. आम्ही सात घरांनी मिळून त्याचे पाय तयार केले, छाती तयार केली, दम तयार केला. तोंड तयार करायचं राहिलं. आमच्याकडं तेच नव्हतं, तर वाढणार काय? आणि क्लबला नेमका असाच माल पाहिजे. पळणारा, न बोलणारा. उद्या दुसरा जाईल, परवा तिसरा. सगळे असेच खाली बघतील. हे थांबायचं नाही. मी थांबवीन असं मला वाटतही नाही.

निल्या गेला. जाताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला नाही. शिवीही दिली नाही.

सकाळी उजाडल्या उजाडल्या बादली घेऊन मी खाली गेलो. बांबू बांधलेलेच होते. या वयात चढायला वेळ लागला, पण चढलो. आधी बिल्ल्यावर कुंचा मारला. मग फुटबॉलची आई या अक्षरांवर. मग केळी, मग दूध. तिथवर हात झपझप चालला.

चेहऱ्यापाशी थांबलो. म्हटलं, एवढा ठेवावा. माझ्याकडं तिचा दुसरा मोठा फोटो नाही. लग्नातला आहे, त्यात ती मान खाली घालून आहे, नाक-डोळे दिसत नाहीत. चित्रातले डोळे खरंच तिचे होते, ते त्या रंगवणाऱ्याला साधले होते. मी कुंचा घेऊन त्या डोळ्यांसमोर उभा होतो, इतका जवळ की नुसता रंग दिसत होता. खाली माणसं जमली. बायका रडायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, म्हातारा येडा झाला, बायकोच्या तोंडाला चुना फासतोय.

मी वरून सांगितलं. ओरडलो नाही, पण ऐकू गेलं. म्हटलं, ही भिंत माझी आहे. हिला जिवंतपणी ज्यांनी मागच्या दारानं काढलं, त्यांच्या पुढच्या दारावर मी हिला लावणार नाही. मी असेपर्यंत नाही.

आणि कपाळापासून सुरुवात केली.

चुना ओला असताना पांढरा दिसत नाही. खालचं सगळं दिसत राहतं. पूर्ण हात मारून झाला तरी ती तिथंच होती, हसत, डोळे उघडे. वाळल्याशिवाय झाकत नाही. मी बांबूवर बसून राहिलो. ऊन भिंतीवर आलं. हळूहळू कडेकडेनं पांढरं होत गेलं.

अध्यक्ष बांबूपाशी आला. तो चांगला पोरगा आहे, रात्रंदिवस वस्तीसाठी राबतो.

"काका, लाइट गेली. कळतंय का तुम्हाला? मैदानाची लाइट गेली."

"गेली," मी म्हटलं.

तो गेला. बाकीची माणसंही पांगली, नळाची वेळ झाली होती. पोरं मैदानात उतरली आणि खेळायला लागली. माझ्याकडं कोणी वर बघेना. डोळ्यांच्या जागी अजून काळपट दिसत होतं. मी चुना ढवळला आणि दुसरा हात मारायला उठलो.